नऊवारीचा पदर आणि पायाखालचा काळा दगड

 

आजची गोष्ट एका कोरड्या बोअरपासून सुरू होते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटानं बोअर घ्यायचं ठरवलं. आम्ही सोळा जणी. शेळ्यांना आणि परसबागेतल्या भाजीला पाणी हवं होतं. पानाड्याला बोलावलं. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, तिथं चुन्यानं फुली मारली. संध्याकाळी गाडी आली आणि रात्रभर धडधड चालू राहिली. शंभर फुटांवर थोडी ओलसर भुकटी आली. दोनशेवर कोरडी. ‘आणखी थोडं जाऊ, पाणी लागणारच,’ असं गाडीवाला म्हणत राहिला आणि आम्हीही माना डोलावत राहिलो. ४२० फुटांवर पैसे संपले तेव्हा थांबलो. हाती काय आलं, तर करड्या भुकटीचा ढीग. त्या कर्जाचे हप्ते आम्ही अजून फेडतोय.

आता गटात दुसऱ्या बोअरची चर्चा सुरू झाली आहे. निम्म्या जणी म्हणतात, जागा चुकली, दुसरीकडं घेऊ. निम्म्या म्हणतात, आता नको. भांडण वाढायला लागलं तेव्हा आमच्यातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, “अगं, ज्या जमिनीला भोक पाडताय, ती आतून कशी आहे, हे तुमच्यातल्या एकीला तरी ठाऊक आहे का?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. राजांच्या लढायांची सनावळी शाळेत पाठ केली, पण ज्या जमिनीवर आपण जन्मभर राबतो तिचा इतिहास काही शिकलो नाही. म्हणून गेले दोन महिने आम्ही पुस्तकं वाचली, जाणत्यांना विचारलं आणि विहिरीत उतरून भिंती पाहिल्या. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

हा इतिहास फार लांबलचक आहे. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. एवढा आकडा डोक्यात कसा मावणार? म्हणून आम्ही एक युक्ती केली. काकूंची नऊवारी अंगणात उलगडली. एका टोकाला पृथ्वीचा जन्म आणि दुसऱ्या टोकाला, पदराच्या शेवटच्या दोऱ्यावर, आजचा दिवस. म्हणजे एक वार झाला सुमारे ५० कोटी वर्षांचा.

वय कुणी मोजलं, असं तुम्ही विचाराल. दह्याच्या आंबटपणावरून विरजण कधी लावलं असेल याचा अंदाज आपण बांधतो की नाही? तसंच काहीसं आहे. काही दगडांत युरेनियम नावाचा धातू असतो. तो अगदी ठरलेल्या गतीनं, हळूहळू शिशात बदलतो. किती बदलला हे मोजलं की दगड कधी तयार झाला हे कळतं. क्लेअर पॅटरसन या अमेरिकी शास्त्रज्ञानं आकाशातून पडलेल्या उल्कांमधलं शिसं मोजून १९५६ साली पृथ्वीचं वय सांगितलं. आजही तो आकडा जवळपास तसाच टिकून आहे.

आता साडीच्या पहिल्या टोकाला या. तेव्हा सूर्य नुकता पेटत होता आणि त्याच्याभोवती धूळ आणि वायू फिरत होते. त्या धुळीचे गोळे झाले, गोळ्याला गोळा चिकटला आणि त्यातून पृथ्वी तयार झाली. ती आतून-बाहेरून तापून वितळलेली होती. लोखंडासारखं जड होतं ते खाली बुडालं, हलकं ते वर राहिलं. सुरुवातीलाच मंगळाएवढा एक गोळा तिच्यावर येऊन आदळला. त्या धडकेत जे उडालं, त्यातून चंद्र झाला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मग तापलेल्या दुधावर साय धरावी तसं पृथ्वीवर दगडाचं कवच धरलं. वाफ निवली, पाऊस कोसळला आणि समुद्र भरले.

दोन वार ओलांडले की जिवाची पहिली खूण सापडते. पण ते जीव डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. चार वार ओलांडले तेव्हा त्यांच्यातल्याच काहींनी उन्हावर अन्न करता करता हवेत प्राणवायू सोडला. आज आपण श्वास घेतो तो त्यांच्या जिवावर. पुढं वारामागून वार गेले, तरी जीव बहुतेक बारीकच राहिले. शिंपले, मासे, झाडं, जनावरं हे सगळं जवळजवळ शेवटच्या एकाच वारात आलं. त्या वाराच्या निम्म्यावर यायच्या जरा आधी आपल्याकडच्या दलदलीत दाट जंगलं होती. ती गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूर-बल्लारपूरकडच्या खाणींतून निघतो तो हाच.

आणि माणूस? आपल्यासारखा माणूस सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचा. पदराच्या काठाचा फक्त एक दोरा. आपली शेती, गावं, जत्रा, लग्नं हे सगळं त्या दोऱ्यावरच्या लवीएवढं. हे मोजल्यावर अंगणात आम्ही सगळ्या जरा गप्पच झालो.

आता आपल्या कामाची जागा. पदराच्या टोकापासून अर्धी वीत मागं या. तिथं ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा काळ आहे. आपला काळा दगड तिथं जन्मला.

त्या वेळी आपला देश इथं नव्हता. त्याच्याही कितीतरी आधी आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांच्यासोबत तो एका मोठ्या खंडाचा भाग होता. त्या खंडाला गोंडवन म्हणतात. आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडलेलं हे नाव साऱ्या जगानं घेतलं. ते खंड फुटलं आणि आपला तुकडा सुटून उत्तरेला सरकू लागला. वर्षाला काही बोटांची वाट, पण कोटी कोटी वर्षं तो चालत राहिला. या वाटेवर तो एका फार तापलेल्या जागेवर आला. पृथ्वीच्या पोटातून तिथं उष्णता वर येत होती. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ तप्त रस वाहू लागला.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोकदार डोंगर येतो, त्यातून उडणारी आग येते. इथं तसं नव्हतं. ताटात वरण ओतलं की कसं पसरतं, तसा हा रस मैलोन्‌मैल पसरला. थंड झाला, दगड झाला. काही काळ शांततेत गेला. त्या दगडावर माती धरली, तळी साचली, झाडं उगवली. पुन्हा भेगा उघडल्या, पुन्हा रस आला आणि सगळं त्याखाली झाकलं गेलं. यातला बहुतेक रस दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात बाहेर आला असं मोजमाप सांगतं. पोळीवर पोळी पडून चवड व्हावी तशी दगडाची चवड रचली गेली. सह्याद्रीत ती दोन किलोमीटरच्या आसपास जाड आहे, पूर्वेकडं नागपूरच्या बाजूला पातळ होत जाते. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर हा दगड पसरला आहे. आपल्या महाराष्ट्राचा पाचातला चार भाग तरी त्याच्याखाली झाकलेला आहे.

घाटातून एसटीनं जाताना डोंगराकडं नीट बघा. पायऱ्या पायऱ्या दिसतील. कठीण थर टिकतो आणि त्याचा कडा होतो, मऊ थर झिजतो आणि त्याचा उतार होतो. इंग्रज अभ्यासकांनी या दगडाला ‘ट्रॅप’ म्हटलं. तो शब्दच मुळी स्वीडनच्या भाषेतल्या ‘पायरी’वरून आलेला आहे. दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठं कुठं विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात धरलेली माती पुढच्या रसाखाली सापडली, ती ही. मुंबईत वरळीला अशाच मधल्या गाळात बेडकांचे सांगाडे दगड होऊन सापडले आहेत. रस यायच्या आधी इथं काय होतं, तेही खालच्या थरांत जपलेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला प्रचंड डायनासोरांची हाडं मिळाली आहेत.

त्याच सुमाराला मेक्सिकोच्या बाजूला एक मोठी उल्का आदळली आणि डायनासोर संपले. उल्केनं किती संहार केला आणि आपल्याकडच्या या रसातून निघालेल्या विषारी वायूंनी किती भर घातली, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

ती तापलेली जागा आजही विझलेली नाही. आपला देश पुढं निघून आला, ती समुद्रात मागं राहिली. मॉरिशसजवळ रियुनियन नावाचं बेट आहे. तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. मॉरिशस बेटही त्याच उष्णतेतून पुढं कधीतरी तयार झालं. इंग्रजांच्या राज्यात आपली मराठी माणसं मजुरीसाठी मॉरिशसला गेली. तिथल्या उसाच्या मळ्यांतले काळे धोंडे त्यांनी उचलले. त्यांना कुठलं ठाऊक, की हा दगड कोकणातल्या, देशावरच्या आपल्या दगडाचा धाकटा भाऊ आहे!

मैत्रिणींनो, हा दगड आपल्याला परका नाही. आपलं जातं त्याचं, पाटा-वरवंटा त्याचा, उखळ त्याचं. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून घेणाऱ्या आपल्या आज्यांना त्याची जात हातानं कळायची. हाच दगड वरून खाली कोरत नेऊन वेरूळचं कैलास लेणं झालं. आणि तोच ऊन-पाऊस खाऊन खाऊन कुजला तेव्हा त्याची काळी माती झाली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ओल ती पोटात धरून ठेवते. म्हणून पाऊस सरल्यावरही नुसत्या ओलीवर आपली शाळू ज्वारी येते. घाटाखाली कोकणात दगड तोच, पण पाऊस इतका की त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन गेलं आणि लोखंडाचा गंज तेवढा मागं राहिला. तो झाला तांबडा जांभा. भंडारा-गोंदियाकडं हा काळा दगडच नाही, तिथं त्याहून कितीतरी जुना खडक उघडा आहे, म्हणून तिथली जमीन वेगळी, तळी वेगळी, भाताची शेती वेगळी. एकाच राज्यातल्या आपल्या चुलींवर कुठं भाकरी, कुठं भात, यामागं पाऊस आहे तसा दगडही आहे.

पुढं आपला देश आशिया खंडाला जाऊन भिडला, हिमालय उभा राहिला आणि आजचा मोसमी पाऊस घडण्यात त्याचाही मोठा हात आहे. इकडं सह्याद्रीची कडा उंच राहिली आणि पठार पूर्वेला कललं. म्हणून त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीला पश्चिमेचा समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर असूनही ती तिकडं जात नाही. १४६५ किलोमीटर चालून ती पूर्वेच्या समुद्राला मिळते. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपल्यासारखी पलीकडची गावं कोरडी राहतात. आपला दुष्काळ काही काल-परवाचा नाही. त्याचा एक धागा या डोंगराच्या घडणीत आहे.

आता आमच्या बोअरकडं परत येऊ.

एकेका थराचं पोट कसं असतं ते बघा. रस वाहत असताना त्यातली वाफ आणि वायू वर यायला धडपडतात. तव्यावरच्या धिरड्याला कशी जाळी पडते? तशीच थराच्या वरच्या अंगाला छिद्रं पडतात. काही भागांत या दगडाला मांजऱ्या म्हणतात. पुढं कुठं कुठं ती छिद्रं पांढऱ्या खनिजांनी बुजतात. शेतात चमकणाऱ्या गारगोट्या सापडतात ना, त्यातल्या पुष्कळशा अशाच बुजलेल्या पोकळ्यांतून आलेल्या. थराचा मधला भाग मात्र घट्ट. तो काळा पाषाण. त्यात पाणी शिरतं ते फक्त भेगांतून, सांध्यांतून. भेग नसेल तर त्यात थेंबही नाही.

म्हणजे आपल्या जमिनीखाली पाण्याची नदी वाहत नाही, की मोठं तळं साचलेलं नाही. पाणी कुठं आहे? वरच्या मुरुमात, कुजलेल्या दगडात, जाळीदार थरात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. तेही बहुतेक ठिकाणी वरच्या शे-दीडशे फुटांतच. खाली जावं तसं वरच्या दगडांच्या वजनानं भेगा मिटत जातात. क्वचित खालच्या थरात पाणी लागतं, पण ते तिथं फार वर्षांनी पोचलेलं असतं. एकदा उपसलं की पुन्हा भरायला एका पावसाळ्याचं काम नाही. आमच्या बोअरला शंभर फुटांवर ओल लागली होती. खाली तीनशे फूट आम्ही घट्ट पाषाणच भरडत गेलो.

खाली जात राहिलं तर कुठं तरी पाणी लागणारच, हा गाडीवाल्याचा हिशोब म्हणूनच खरा नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर जमिनीखाली काय आहे हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी तिथं खोल छिद्र घेतलं. सुमारे ३४० मीटर काळा दगड संपल्यावर त्याखाली लागला तो कितीतरी जुना, आणखी कठीण खडक. आपल्या साडीत पाच वार मागचा! खाली पाण्याची खाण नाही, खाली आणखी जुना काळ आहे.

शेजारच्याच्या बोअरला पाणी आणि आपला कोरडा, याचंही कोडं इथं सुटतं. त्याला भेग सापडली, आपल्याला नाही. नारळ उभा राहिला की आडवा, याच्याशी भेगेला काही देणंघेणं नाही. आणि दोघांनाही पाणी लागलं, तरी बहुतेक वेळा ते एकाच थरातलं असतं. एका पेल्यातलं सरबत दोन नळ्यांनी ओढलं म्हणून सरबत वाढत नाही. ज्याची नळी लांब, त्याची तहान आधी भागते. त्यात आधी आटते ती गावाची जुनी विहीर, आणि हंडा घेऊन लांब जावं लागतं ते आपल्याला. म्हणून हा प्रश्न शेतीइतकाच बायकांचाही आहे.

आम्हाला आणखी एक गोष्ट उशिरा समजली. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे. आम्ही ४२० फूट गेलो. पैसे तर गेलेच, वर आम्ही कायद्याच्याही बाहेर होतो. दोष कुणाला द्यायचा? आम्हीही विचारलं नव्हतं.

मग करायचं काय? गटानं तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर तुमच्याही बैठकीत मांडा.

पहिली गोष्ट, आपली जमीन वाचायची. गावातल्या चार जुन्या विहिरी आम्ही उन्हाळ्यात, पाणी खाली गेलेलं असताना पाहिल्या. माती किती फूट, मुरूम किती, जाळीचा दगड कुठं, पाझर कुठल्या सांध्यातून, हे वहीत लिहिलं. चारही विहिरींत पाझर जवळपास एकाच पातळीवर निघाला. आमच्या गावाचं पाणी त्या एका थरात आहे, हे कळायला आम्हाला एक पैसाही लागला नाही. जाणकार हवा असेल तर सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. बोअरच्या आधी त्यांच्या भूवैज्ञानिकाचं मत विचारावं.

दुसरी, पाणी मोजायचं. दर महिन्याच्या एक तारखेला गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचा आणि पाण्याची पातळी लिहायची. दर आठवड्याची बचत आपण पै-पैनं लिहितो, तर पाण्याचं पासबुक का नको? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हेच केलं. तिथं दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच बंदी केली आहे.

तिसरी, भरणा करायचा. ज्या थरात आपलं पाणी आहे तो डोंगराच्या अंगाला जिथं उघडा पडलेला असेल, तिथं चर खणायचे, तिथं पाणी अडवायचं. घट्ट पाषाणावर खणलेला चर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जागा कुठली हे वहीतल्या नोंदींवरून कळतं.

दुसऱ्या बोअरचं काय झालं, ते विचारताय? ठराव झाला नाही. दोघी अजून रुसलेल्या आहेत, त्यांची गरज खरी आहे आणि आमच्याकडं झटपट उत्तर नाही. कर्जाच्या हप्त्यांतून उरेल त्यातून जुन्या विहिरीचा गाळ काढायचा, एवढ्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. पुढच्या पावसाळ्यानंतर दोरावरच्या गाठी काय सांगतात, ते याच कार्यक्रमात कळवू.

त्या दिवशी साडीची घडी घालताना काकू पदराचा शेवटचा दोरा बोटांत धरून म्हणाल्या, “दगड घडायला एवढा पदर लागला, आणि पाणी उपसायला आपल्याला ही लवसुद्धा पुरी लागली नाही.” पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या गावात एकही बोअर नव्हता. त्या वर्षांना साडीवर जागा शोधली, तर सापडत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी विहिरीवर गेलात की फक्त पाण्याकडं बघू नका, भिंतीकडंही बघा. काय दिसलं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम.